फेंटनबाईंचा मुराळी

"दीनाबाई, उठा तिथून," पाळकसाहेब म्हणाले. "कबर आहे ती."

"कबर हाय म्हनूनच बसले. खाट असती तर आडवी झाले असते."

दीनाआत्या मांडीवर सूप घेऊन मटकी निवडत होती. पाठ कबरेच्या दगडाला टेकलेली, पाय पसरलेले. खडा सापडला की ती बोटाने उडवायची आणि तो पाळकसाहेबांच्या बुटाशी जाऊन पडायचा. पाळकसाहेबांच्या मागे टिकाव-फावडी घेतलेली चार माणसं उभी होती. त्यांच्यात चर्चच्या मंडळीचे पंच लाजरस अण्णा होते. आणि सगळ्यांच्या पुढे, गवती टोपी घातलेले, अमेरिकेहून आलेले डॉक्टर क्रोकर. मे महिन्याच्या उन्हाने त्यांचा चेहरा गाजरासारखा झाला होता.

"काय म्हणतात त्या?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"विश्रांती घेताहेत," मी सांगितलं.

मी तेव्हा नव्या बोरदऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. नगर जिल्ह्यातल्या त्या गावात परक्या माणसाशी इंग्रजीत बोलेल अशी मी एकटीच, म्हणून दुभाषी मी. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं आणि डॉक्टरांचं नाकातलं. तरी आमचं बरं चाललं होतं.

आत्या ज्या दगडाला टेकली होती त्यावर इंग्रजीत नाव कोरलेलं होतं, ऑरिला फेंटन. ही बाई शंभरएक वर्षांमागे गलबतातून आमच्या भागात आली. मुलींची शाळा काढली, बायकांबरोबर जात्याला बसून मराठी शिकली, ओव्या केल्या आणि तापाने गेली. आम्हाला ती एवढीच ठाऊक. तिकडे तिच्या हार्लो फॉल्स नावाच्या गावात मात्र ती मोठी कवयित्री निघाली होती. येण्याआधी तिने दोन बारीक पुस्तकं छापली होती, ती कुणी वाचली नाहीत. ती मेल्यावर बऱ्याच वर्षांनी कुणीतरी वाचली, आणि मग सगळेच वाचायला लागले. तिच्या घराचं संग्रहालय झालं. तिथे तिचा चष्मा आहे, टाक आहे आणि उजव्या पायातला बूट आहे. डावा आमच्याकडे असावा असा डॉक्टरांचा अंदाज होता. तो आमच्याकडे नव्हता.

डॉक्टर क्रोकर तिच्या स्मारक मंडळाचे अध्यक्ष. डॉक्टर म्हणजे दातांचे, तेही निवृत्त. पण गावात आल्यापासून निम्म्या लोकांच्या त्यांना दाढा दाखवून झाल्या होत्या. त्यांनी सगळ्या पाहिल्या. "काढायला हवी," एवढंच ते म्हणत, आणि मी तेवढंच भाषांतर करी.

ते आले होते बाईंना न्यायला. तिने इथून घरी लिहून धाडलेली शेवटची एक कविता होती. मला घरी न्या, पूर्वेच्या भिंतीशी धाकटीशेजारी निजवा, असं तिच्यात होतं. मंडळाने ते मनावर घेतलं होतं. सरकारची परवानगी आणली होती, पंचांनी मान डोलावली होती. तिच्या वडिलांच्या जमिनीत, बहिणीच्या कबरेशेजारी, जागा तयार होती. आडवी आली ती फक्त दीनाआत्या, सूप घेऊन.

आख्खं गाव तिला आत्या म्हणे. साठीची, काटक, एकटी राहणारी. कुणाच्याही लग्नात हळद दळायला जातं मांडलं की पहिली ओवी तिची.

"सुवार्ते," ती मला म्हणाली, "इचार त्याला, ह्यो तिचा कोन लागतो?"

मी विचारलं. डॉक्टरांनी टोपी काढली. "कुणीच नाही," ते म्हणाले. "तिच्या बहिणीचा वंश बुडाला. माझा दवाखाना तिच्या घरासमोर होता. चाळीस वर्षं रुग्णाच्या तोंडातून मान वर केली की मला तिचीच खिडकी दिसायची."

मी ते जमेल तसं सांगितलं.

"नात्याचा न्हाई म्हन की."

"गावचा आहे, आत्या."

"म्हंजे मुराळीच की हो," लाजरस अण्णा मागून म्हणाले. अण्णांना मध्येच विनोद करायची सवय होती. "लांबून आलाय बिचारा, बहिणीला न्यायला."

चौघं माणसं हसली. आत्या हसली नाही. तिचा मटकीतला हात थांबला.

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. बहुधा भाऊ. भाऊ नसेल तर चुलता, तोही नसेल तर गावचा कुणीही जाणता पुरुष चालतो. लेकीला धाडायचं की नाही ते सासरचे ठरवतात. पण जेवण झाल्यावर. मुराळी दारात आला आणि त्याला उन्हात उभं करून परत लावला, असं आमच्याकडे वैऱ्यानेसुद्धा केलेलं नाही.

आत्याने अण्णांकडे असं पाहिलं की ते फावड्याचा दांडा तपासायला लागले. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग हितं उनात काय उभं केलंय त्याला? चला घरी. शेवया करते."

"आणि खोदकाम?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आधी जेवन."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जेवायला बोलावलंय," मी म्हटलं.

"पण कबर..."

"आधी जेवण."

आत्याचं घर म्हणजे पुनर्वसनात मिळालेली एक खोली, पुढे ओटा. खाली धरण झालं, जुना बोरदरा पाण्यात गेला, तेव्हा सगळं गाव या माळावर आलं होतं. येताना लोकांनी दारं-खिडक्या आणल्या, चर्चची घंटा आणली, बाकं आणली. थडग्यांचं काय, असं कुणीतरी धरणाच्या साहेबाला विचारलं होतं. मेलेल्यांना प्लॉट मिळत नाही, असं उत्तर आलं.

ओट्यावर घोंगडी टाकून पाहुण्यांना बसवलं. मी आत चुलीपाशी गेले. आत्या गूळ फोडत होती.

"सुवार्ते, दार लोटून घे."

मी लोटलं.

"ती तिथं न्हाई."

"कोण?"

"फेंटनबाई. ती खालीच हाय, पान्यात. दगुड तेवढा वर आला."

"मग त्या दगडाखाली कोण आहे?"

"माझी आई."

तिने गुळाचा खडा पातेल्यात टाकला आणि ढवळायला लागली. एखाद्या शेजारणीची हकिगत सांगावी तसं ती सांगत होती. तिच्या आईला म्हातारपणी कुणी नव्हतं म्हणून ती लेकीकडे येऊन राहिली. गाव वर आलं त्याच साली गेली. नव्या कबरस्तानातली ती पहिलीच. लेकीच्या दारात येऊन मेलेली म्हातारी, ना या गावची, ना या मंडळीत नाव. पंचांनी जागा दिली, पण दगड-बिगड नको म्हणाले. आणि फेंटनबाईंचा दगड खालून ट्रॅक्टरवर आणलेला चर्चच्या भिंतीला रिकामा पडला होता.

"आमी दोघींनी घोंगड्यावर घालून वढत नेला. आन् रोवला."

"आणि कुणी काही विचारलं नाही?"

"कोन इचारनार? पाळकाला वाटलं पंचांनी हाडं आनली. पंचांना वाटलं पाळकानं. पुढं पाळक बदलला. दर नाताळाला समदं गाव चुना लावतंय, फुलं वाहतंय, मेनबत्ती लावतंय. ठकुबाईची म्हनून कुनी वाहिली असती का?" तिने पातेलं उतरवलं. "आता त्या लोकांनी खांदलं तर माझी आई अमेरिकेला जाईल. बाई जन्मात नगरला गेली न्हाई."

"सांगून टाकूया की, आत्या."

"सांगितलं की दगुड काढतील. मंग तिथं काय ऱ्हाईल? खड्डा." ती शेवया ताटल्यांत वाढायला लागली. "मी त्याला बोलून परत लावते. तू नीट सांग फक्त."

डॉक्टर शेवया मन लावून खात होते. पाळकसाहेब घड्याळ बघत होते. अण्णांनी दुसऱ्यांदा ताटली पुढे केली होती. आत्या उंबऱ्यात बसली.

"इचार त्याला, बाईनं लिवलंय काय नेमकं?"

डॉक्टरांनी चमचा ठेवला आणि कविता पाठ म्हटली. मी ओळीओळीने मराठीत सांगत गेले. पूर्वेच्या भिंतीशी मला न्या. धाकटी तिथे निजली आहे, मी मोठीने आधी निजायला हवं होतं. वाट फार लांब आहे असं म्हणू नका, मी ती एकदा चालले आहे.

पाळकसाहेबांनी रुमाल काढला.

"ब्येस हाय," आत्या म्हणाली. "आता त्याला आमची सांग. तिचीच हाय, माझ्या सासूला तिच्या सासूनं दिल्याली." आणि तिने न गाता, नुसतीच म्हटली:

*माझ्या माहेराच्या वाटं, कापूस कुणी सांडला*
*बंधु मुराळी येईना, डोळा दारात मांडला*

मी अर्थ सांगितला. डॉक्टर म्हणाले, "कापूस नसेल तो. आमच्याकडे डिसेंबरात वाट अशीच पांढरी होते."

"आसंल," आत्या म्हणाली. "आमी बर्फ बघितलं न्हाई, कापूस येचलाय. पर मुद्दा त्यो न्हाई. त्याला सांग, बाई जात्यावर बसली की माहेर मागतीच. ते गानं आसतं. ती गाडी जुपायची चिठ्ठी नसती. समद्या आसंच गात्यात. मी चाळीस वर्सं गातीय, माझा भाऊ येईल, चंद्रावानी येईल, घुंगराच्या गाडीत नेईल. मला भाऊच न्हाई."

अण्णांचा घास हातात राहिला. आख्ख्या गावाची आत्या, आणि हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आईबापाला मी एकलीच. माहेराचं घर बाप मेला तवाच इकलं गेलं. नेनार कोन आन् कुठं? तरी गातेच की. तशीच ही बाई गायली. म्हनून कुनी तिला उकरून न्यायचं का? सांग त्याला."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, जिंकली आत्या. पाळकसाहेबांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांना शेवयांनंतर सगळंच पटत होतं.

डॉक्टरांनी मान डोलावली. दातांचा माणूस; घाई न करता बोट ठेवून बघतो, तसा त्यांनी प्रश्न विचारला. "त्यांना विचारा, आणि भाऊ आला असता तर?"

मी विचारलं.

आत्या उंबऱ्यावरच्या भेगेतून काडीने माती काढत बसली. कोंबडी ओट्यावर आली, तिला कुणी हाकललं नाही.

"गेले असते," ती म्हणाली. "न्हाई कोन म्हनेल?"

ते भाषांतर करायची गरज पडली नाही. डॉक्टर तिच्याकडे बघत होते.

"तिचा आलाय," आत्या म्हणाली. जरा रागानेच. "उशीर केला, पर आलाय." मग मला म्हणाली, "सांग त्याला, सुवार्ते. समदं सांग. आईचं पन सांग."

मी सांगितलं, आधी इंग्रजीत. मग पाळकसाहेबांना कळावं म्हणून मराठीत, कारण त्यांचं तोंड उघडं पडलं होतं.

"दीनाबाई," ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मंडळी कुणाच्या कबरेवर प्रार्थना करत होती?"

"माझ्या आईच्या. वाया न्हाई गेल्या."

"हा दगड तुम्ही एकटीने ओढला?" लाजरस अण्णांनी विचारलं. "चौघांना उचलत नाही तो."

"एकटीनं कशाला? तुमची कमळ होती की."

"माझी बायको?"

"तुमचीच."

"मला बोलली नाही ती कधी."

"तुमी पंच होता," आत्या म्हणाली.

अण्णांनी आपली ताटली खाली ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिले. कमळकाकू जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. मग ते म्हणाले, "तरीच तिची कंबर धरली होती."

पाळकसाहेब सावरले. दगड आजच्या आज काढावा लागेल, असं ते म्हणाले. खोटं नाव देवाच्या जागेत नको. आत्या पदराने ओटा पुसत राहिली, जिथे काही सांडलेलं नव्हतं. मी डॉक्टरांना हे सांगितलं.

"काढून काय करणार?" डॉक्टर म्हणाले. "तिच्या नावाचा एक दगड आमच्याकडे आहेच. तिच्या बापाने लावलाय, ती जिवंत असतानाच. जन्मसाल आहे, पुढे मोकळं. दोन दगड आहेत तिला आणि ती कुठल्याच खाली नाही. तिसरी जागा कुठे आहे ते दाखवा."

"नाव?" पाळकसाहेब अडून बसले.

"दगड फिरवू," लाजरस अण्णा म्हणाले. "मागची बाजू कोरी आहे. ठकुबाई तिकडून कोरू. ज्याला जी पाहिजे त्याने त्या बाजूने यावं." आणि पाळकसाहेब काही बोलायच्या आत म्हणाले, "पंच म्हणून सांगतो मी."

आत्याने ओटा पुसणं थांबवलं.

ऊन उतरल्यावर अण्णांनी ट्रॅक्टर काढला. पाणी मे महिन्यात खूप मागे जातं, जुना बोरदरा उघडा पडतो. चर्चचं जोतं, विहिरीचा काठ, भिंतींच्या रेघा. कबरस्तानाच्या जागी टरबुजाचे वेल पसरले होते. गाळाच्या जमिनीत लोक उन्हाळी पीक घेतात.

"हे कुणी लावलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले. "माती चांगली आहे."

आत्या वेलांतून साडी वर धरून सरळ चालत गेली आणि एका जागी थांबली. "हितं. चिंचेच्या बुडापून पाच हात. लगीन होऊन आले तवा सासूनं पाया पडाया लावलं होतं."

तिथे एक टरबूज होतं. अण्णांनी ते अदबीने तोडून बाजूला ठेवलं. मग माणसांनी खणायला घेतलं. वर भेगाळलेला गाळ, खाली काळी माती, मग ओली काळी माती, मग पाणी. दुसरं काही लागलं नाही. डॉक्टर खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले, पँटसकट. त्यांना वाईट वाटलं असेल. पण त्यांनी खाली हात घातला आणि तळातली ओंजळभर माती काढून धरली. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

आत्याने कमरेला खोचलेला खण काढला. हिरवा, कोरा, घडीचा. घरून निघताना कधी घेतला ते मी पाहिलं नव्हतं. त्यात तिने ती माती घेतली, वर मूठभर बाजरी टाकली, चारी टोकांची गाठ मारली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लहानच केली.

गाठोडं डॉक्टरांच्या हातात देताना आत्याने ते मध्येच धरून ठेवलं.

"सांग त्याला, हिला उनाची सवय झालीय. एकदम थंडीत नगं ठेवायला."

मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काळजी घेऊ.

"बहिनीला निरोप सांगा म्हनावं. आमी काय छळ केला न्हाई हिचा."

"सांगतो."

"आन् नाताळ करून आनून सोडा. कायमची धाडत न्हाई मी."

मी आत्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. माहेरी गेलेली लेक परत सासरी यायची असते. मुराळी तिला नेतो आणि मुराळीच आणून सोडतो. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. डॉक्टर क्रोकर जरा वेळ गाठोड्याकडे बघत उभे राहिले. हिशेब करणाऱ्या माणसासारखे.

"नाताळनंतर," ते म्हणाले. "हो."

आत्याने गाठोडं सोडलं.

त्या वर्षी नाताळ झाला, नवं साल लागलं. दगडाला दोन्ही बाजूंनी चुना लागला. जानेवारीत एकदा मी शाळेतून येत होते, तर आत्याने ओटा सारवून ठेवला होता आणि ती उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत होती.

"आत्या," मी म्हटलं, "ती काही आता यायची नाही."

"सोडत नसतील," ती म्हणाली. "पयल्यांदाच गेलीय."